श्यामशबलचा ग्राहक

एका दीर्घिकेच्या उजेडाचे आकडे मी खोलीत पंख्याखाली पडून लिहिले आहेत. बाहेर न जाता, मान वर न करता. एखाददुसरा नाही, बरेच. ही गोष्ट मी सात वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांच्या वहीत ते आकडे लिहिले त्यांच्याजवळ तर नाहीच. या वर्षीच्या शिमग्यात त्यांना सांगून झालं. आता बाकीच्यांना सांगायला हरकत नाही.

वही ज्यांची, ते आमच्या वीज ऑफिसातले मीटर रीडर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणतो. दिघीच्या अलीकडे, खाडीपासून थोडं आत, त्यांची लहानशी वाडी. पुढे माड, मागे पोफळी, पोफळींच्या पलीकडे विहीर. मी तळा तालुक्यातल्या भातशेतीच्या गावातला, बिलिंगचा क्लार्क म्हणून तिकडे बदलून गेलो तेव्हा त्यांच्या मागच्या पडवीलगतची खोली मला राहायला मिळाली. म्हणजे दिवसा सहकारी, संध्याकाळी घरमालक, आणि जेवणं झाली की रात्री नऊला ते काय असत हे मला अजून नीट सांगता येत नाही.

माझं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मीटर रीडर घरोघर जाऊन मीटरचा आकडा लिहून आणतात. घराला कुलूप असेल तर आकडा मिळत नाही. मग ऑफिसात बसलेला माणूस मागच्या काही महिन्यांचा वापर बघतो आणि अंदाजाने एक आकडा टाकतो. त्याला सरासरी म्हणतात. तो टाकणारा माणूस मी. आमच्याकडे अर्ध्याअधिक घरांची माणसं मुंबईत, त्यामुळे सरासरी टाकून टाकून माझा हात असा बसला होता की मागचे तीन आकडे दिसले की चौथा आपोआप बोटांतून उतरायचा.

काही रीडर तर घर उघडं असतानाही चहाच्या टपरीवर बसून सरासरी लिहीत. आप्पांच्या पुस्तकात ते कधी सापडायचं नाही. त्यांच्या पुस्तकात एक तर आकडा असायचा, नाहीतर ‘घर बंद’. एकदा दुपारी दोनला ते सायकल हाणत ऑफिसात आले, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता परत निघाले. म्हटलं, "आप्पा, कुठे?"

"एका आकड्याचा वहीम आहे. तीन होता की आठ."

"तीन असेल. मागच्या महिन्यावरून तीनच वाटतो."

"तुला वाटतो, सरासरी. मीटरला काय वाटतं ते बघून येतो."

अकरा किलोमीटर जाऊन आले. तीनच होता. त्या दिवसापासून माझं नाव सरासरी पडलं. "काय सरासरीसाहेब, आज किती घरं भरलीत?" असं ते पार जेटीवरच्या माणसांदेखत विचारत. मला राग यायचा नाही. तेव्हा नाही.

रात्रीचा त्यांचा ग्राहक एकच होता. सप्तर्षींच्या शेपटाखाली श्यामशबल नावाचा दोन-चार फिक्या ताऱ्यांचा पुंजका आहे. त्याच्या बाजूला एक दीर्घिका आहे, कॅटलॉगमध्ये तिला चार आकडी नंबर आहे. नंबर आहे म्हणजे ग्राहक, असं आप्पांचं म्हणणं. ते तिला दीर्घिका म्हणतच नसत. "आपला ग्राहक आज जरा वर आलाय." "आपल्या ग्राहकाला पावसाळ्यात भेटता येत नाही, पण तो बिचारा तेव्हा स्वतःच सूर्याआड जातो. ॲडजस्ट करणारा आहे."

दुर्बीण त्यांनी स्वतः केलेली. दहा इंची आरसा, एका पावसाळ्यात पडवीत बसून काचेवर काच घासून तयार केलेला. केबलच्या रिकाम्या ड्रमच्या फळ्यांची पेटी, फणसाच्या लाकडाची बैठक. वर डोळा लावायला शिडी. अंगात बनियन आणि डोक्याला माकडटोपी, घाम येत असला तरी. बॅटरीच्या तोंडाला लाल पतंगाचा कागद, म्हणजे डोळे दिपत नाहीत. बरोबर नऊला ते घरातले सगळे दिवे मालवायला लावत. काकू भांडी घासता घासता म्हणत, "लोकांच्या नवऱ्यांना बाहेर बाई असते. ह्यांची तरी लांब आहे म्हणून बरं."

गावात बोललं जायचं की आप्पा आपल्या दुर्बिणीपायी ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज काढतात. दिवे गेले की कुंपणापलीकडून हमखास आवाज यायचा, "आप्पा, लाईट तुमीच काडली व्हय?"

"मी काढली असती तर एवढ्यात आली नसती," आप्पा शिडीवरून सांगत.

आकडा काढायची पद्धत साधी होती. दुर्बिणीत ग्राहकाच्या आसपास काही तारे दिसतात, त्यांचा उजेड किती हे तक्त्यात दिलेलं असतं. याच्यापेक्षा मंद, त्याच्यापेक्षा तेज, असं करत मधला आकडा ठरवायचा. फक्त इथे विजेच्या उलट असतं. उजेड वाढला की आकडा कमी होतो. अकरा पूर्णांक सहा म्हणजे मंद, अकरा पूर्णांक एक म्हणजे चांगलाच तेज. दोन वर्षांत मला ते जमायला लागलं. आप्पांचा आणि माझा आकडा क्वचितच एका दशांशापलीकडे जायचा. आधी दोघांनी वेगळं लिहायचं, मग दाखवायचं, हा नियम. दुसऱ्या कुणी किती बघितलं हे ते कधी वाचतही नसत. "शेजाऱ्याचं मीटर बघून आपलं रीडिंग लिहायचं नाही." वर्षाच्या शेवटी सगळे आकडे असले उजेड मोजणाऱ्या हौशी लोकांच्या एका मंडळाकडे पाठवायचे. तिकडून पोच म्हणून छापील कार्ड यायचं. आप्पांनी ती सगळी कार्डं देवघरात ठेवली होती.

मी एकदा विचारलं, एवढं काय आहे हो त्यात? रोज तोच ठिपका. आगरदांड्याहून फेरीबोटीने परत येत होतो, शनिवार होता, उन्हं उतरली होती. त्यांनी दिघीच्या बाजूच्या टेकडीकडे बोट केलं. तिथे मुंबईच्या कुणाचा तरी पांढरा बंगला आहे.

"त्याचा मागच्या चार महिन्यांचा वापर किती?"

"शून्य. एखादं युनिट असेल."

"कनेक्शन तोडलंय?"

"नाही."

"मीटर?"

"आहे की."

"आणि आज?"

बंगल्यावर झाडाझाडाला दिव्यांच्या माळा होत्या. गाणी पाण्यावरून ऐकू येत होती. मी म्हटलं, "आज सगळे एसी चालू असणार."

"तर मग. दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं ते असं. काही लाख, काही कोटी सूर्यांच्या वजनाचं. ते आपलं काळंच. पण भोवतालचा वायू त्यात पडायला लागला की पडता पडता असा तापतो, असा पेटतो, की त्या दीर्घिकेचे बाकीचे तारे त्याच्यापुढे फिके. वायू संपला की परत अंधार. मीटर जागेवर, वापर शून्य."

"आपल्या आकाशगंगेत पण आहे?"

"आहे तर! सध्या घर बंद."

शेजारी टोपली घेऊन बसलेली कोळीण ऐकत होती. तिने विचारलं, "कुनाचं घर बंद हाय वो आप्पा?"

"आपलंच गं बाई."

"आरं देवा," ती म्हणाली आणि टोपलीवरचा कपडा नीट केला.

मग बोट लागेपर्यंत ते बोलत राहिले. विश्व तरुण होतं, हजारेक कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा घरोघर दिवे होते. वायू भरपूर, दीर्घिका एकमेकींच्या अंगावर येताहेत, कृष्णविवरांना खायला कमी नाही. मग हळूहळू ते आटत गेलं. "माझ्या लहानपणी आमच्या आळीत सोळा घरं उघडी होती. आता चार. बाकीची गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात. तिकडे तसंच झालंय. पण त्यातलं एखादं घर मध्येच उजळतं, मध्येच मंदावतं. आपला ग्राहक त्यातला. तो कधी उजळला, किती टिकला, हे कुणीतरी दारात बसून बघायला नको का? सरासरी काढलीस तर काय कळणार? वर्षाची सरासरी काढली तर त्या बंगल्यात एक म्हातारा रोज एक दिवा लावून बसलाय असं निघेल. आहे का तिथे म्हातारा?"

मी हसलो. मला ते पटलं होतं. पटलेलं असूनही मी जे केलं ते केलं, म्हणून हे सांगितलं.

आप्पा निवृत्त झाले त्यानंतरचा हिवाळा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. काकूंसह पुण्याला मुलीकडे राहून आधी एक डोळा, महिन्याने दुसरा, असं ठरलं. साखर असल्यामुळे डॉक्टर घाई करायला तयार नव्हते. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल लागेपर्यंत आप्पा घरी नाहीत. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. तेवीस वर्षांत ती त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती.

"दिसलं ते लिही. नाही दिसलं तर नाही दिसलं लिही. बाहेर पडायचा कंटाळा आला तर ‘घर बंद’ लिही, मी काही म्हणणार नाही."

सहा रात्री मी नेमाने शिडीवर चढलो. सातव्या रात्री नाही. कारण विचाराल तर कारण नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, काम जास्त नव्हतं. डास होते, मोबाइलवर क्रिकेट होतं, आणि घरात बघणारं कुणी नव्हतं. वही उघडली, मागचे आकडे बघितले: सहा, पाच, सहा, सात, सहा, सहा. आणि बोटांतून आकडा उतरला. अकरा पूर्णांक सहा.

दुसऱ्या दिवशी पाच. मग सहा. मग सात, म्हणजे खरं वाटावं. ‘घर बंद’ लिहायची मुभा होती, तरी मी ते लिहिलं नाही. ‘घर बंद’ लिहिलं असतं तर मी गेलो नाही हे दिसलं असतं. आकडा लिहिला की मी गेलो होतो. मध्ये चार रात्री तर मी ‘ढग’ लिहिलं. आकाश लख्ख होतं.

आप्पा पुण्याहून डोळ्याला पट्टी बांधून फोन करत. "आज कसा आहे आपला ग्राहक?"

"ठीक आहे आप्पा. साडेअकराच्या आसपास."

"आसपास नको. आकडा सांग."

आणि मी सांगायचो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते परत आले, काळा चष्मा लावून. त्याच रात्री नऊला शिडीवर चढले. बराच वेळ उतरले नाहीत. उतरले ते वही लाल बॅटरीत धरून उभेच राहिले.

"मला अकरा पूर्णांक एक दिसतंय. तुझा कालचा सहा आहे." मग म्हणाले, "तू बघ. तुझा डोळा शाबूत आहे."

मी चढलो. डोळा लावला. ग्राहक कधी नव्हे इतका तेज होता. ज्या शेजारच्या ताऱ्यापेक्षा तो नेहमी फिका असायचा, त्याच्या वरचढ दिसत होता. दोन वर्षं शिकलेला माणूस तिथे चुकणं शक्य नव्हतं. त्या पाच-सहा आठवड्यांत तिकडे काहीतरी पेटलं होतं. मी शिडीवर उभा होतो आणि खाली आप्पा वर तोंड करून वाट बघत होते.

"अकरा पूर्णांक सहा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढचा आठवडाभर विचार करून त्यांनी कारण शोधलं. कारण चुकीचं होतं, पण शहाण्या माणसाचं होतं. मोतीबिंदूचा पिवळट पडदा गेला, नव्या भिंगातून निळा उजेड जास्त येतो. ग्राहक निळसर, शेजारचे तारे पिवळट, म्हणून ग्राहक आपल्याला उगाच तेज दिसतो. तेव्हापासून ते जे दिसेल ते शिसपेन्सिलीने लिहीत आणि त्यात पाच दशांश मिळवून शाईने दुरुस्त आकडा लिहीत. दुरुस्ती माझ्या आकड्यांवरून ठरवलेली. खऱ्याला खोट्याच्या मापाने कापत होते. मी रोज समोर बसलेला असायचो. त्या वर्षीचा तक्ता मंडळाला गेला, माझ्या आकड्यांसकट, त्यांच्यापुढे माझी आद्याक्षरं लिहून.

पावसाळ्याआधीच मी बदलीचा अर्ज टाकला. तळ्याला बदली मिळाली. सोपं झालं.

पुढच्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं. त्यांच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड आडवे झाले. महिनाभर तिकडे वीज नव्हती, मीही इतरांबरोबर खांब उभे करायला गेलो होतो. आप्पा पडलेल्या झाडांमध्ये उभे राहून उत्तरेकडे बघत होते. आजवर ग्राहक त्यांना दोन माडांच्या फटीतून तास-दीड तास मिळायचा. आता सप्तर्षींपासून क्षितिजापर्यंत सगळं मोकळं झालं होतं. म्हणाले, "वाडी गेली. आकाश मिळालं." आणि डोळे पुसले.

पण त्या हिवाळ्यात त्यांनी काही लिहिलं नाही. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘मीटर सदोष’ असं लिहिलं आणि वही बंद केली. लोक म्हणाले, वाडी गेल्याचा धक्का. काकूही तेच म्हणायच्या. खरं मला एकट्याला माहीत होतं. मी गणपतीत जायचो, जेवायचो, परत यायचो. सांगायचं ठरवूनच जायचो.

या वर्षी धुळवडीच्या सकाळी गेलो. आप्पा पडवीत बसून आडकित्त्याने सुपारी कातरत होते. न्हाणीच्या चुलीपाशी वह्यांचे तीन गठ्ठे होते, काथ्याने बांधलेले.

"आप्पा, हे काय?"

"पाणी तापेल तेवढं. दुर्बीण शाळेला देऊन टाकली. ह्या वह्या शाळेला तरी कशाला? सदोष मीटरची रीडिंगं."

"पण सगळ्या? शेवटच्या दोन सोडल्या तर…"

"अरे, मोतीबिंदू काय एका रात्रीत येतो? शेवटी डोळ्यावर भरवसा राहिला नाही, तर आधी तो कधीपासून गेला होता हे मी कशावरून सांगू? दहा वर्षं? पंधरा? गेलं ते सगळंच गेलं."

काकूंनी आतून हाक मारली, पाणी ठेवायचंय, चूल पेटवा कुणीतरी. आप्पा आडकित्ता ठेवून उठायला लागले.

मी म्हटलं, "डोळा बिघडला नव्हता. मी बघितलंच नव्हतं."

"काय बघितलं नव्हतंस?"

"तुम्ही पुण्याला होतात तेव्हा. सहा रात्री बघितलं. नंतर खोलीत बसून लिहिलं. सरासरी."

ते परत खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती रात्री?"

"सदतीस."

"मोजून?"

"मोजून. रोज मोजतो."

"त्यात ढग लिहिलेस ते?"

"चार."

"ते तरी खरे?"

"नाही."

"ढगसुद्धा!" ते ओरडलेच. "अरे, आकडा टाकलास ते तुझ्या हाताचं वळण. पण नसलेला ढग आणलास तो कुठून?"

ते पडवीत एक फेरी मारून आले, मग एकदम स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "अगं ए, बाहेर ये! डोळा बरोबर होता!"

"कुणाचा?"

"माझा! पूर्णांक एकच होता तो! मी बरोबर बघत होतो!"

काकू हात पुसत बाहेर आल्या. ऐकून घेतलं. आप्पा गठ्ठ्यांचा काथ्या सोडत बसले होते, गाठ निघेना म्हणून आडकित्ता लावत होते. काकू माझ्याकडे वळल्या. "सात वर्षं गणपतीत येऊन माझ्या हातचे मोदक खातोस. घशाखाली कसे उतरले रे?"

"उतरत नव्हते काकू."

"गेल्या वर्षी अकरा उतरले."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी ते दोन्ही लपवलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या पडवीत मला पाय पसरून बसता आलं.

आप्पांनी मला लाल पेन दिलं. सदतीस ओळींवर मी एकेक रेघ मारली आणि समोर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘घर बंद’, आणि सही. ‘खोटे’ लिहू का विचारलं तर म्हणाले, "खोटे हा काही शेरा नाही. बघायला कुणी नव्हतं, एवढंच रीडिंग." मग त्यांनी शाईचे सगळे दुरुस्त आकडे खोडले. शिसपेन्सिलीचे तसेच होते, एकही पुसलेला नव्हता. त्या माणसाने खरं ते टाकून दिलंच नव्हतं, फक्त त्याच्यावर विश्वास ठेवणं थांबवलं होतं.

मी घरी आलो आणि गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला.

"एक विचारायचं राहिलं. त्या रात्री मी तुला शिडीवर चढवून बघायला सांगितलं. तेव्हा तुला किती दिसलं होतं?"

फोन ठेवून द्यावासा वाटला. "पूर्णांक एक," मी म्हटलं.



"सदतीसचा मला राग आला नाही," आप्पा म्हणाले. "ह्या एकीचा आलाय. सांगायला फोन केला. काल आनंदात होतो, दिसला नाही. आज चांगला आहे. नोंद घे."

"घेतो."

तीन दिवसांनी परत फोन. "आज कमी आहे." आठवड्याने, "काल पुन्हा वर गेला होता. जेवताना. आज ठीक." मी खरंच लिहून ठेवतो, तारखेसकट. ऑफिसातल्या जुन्या डायरीत वेगळं पान केलंय.

मे महिन्यात त्यांनी आलेखाचे कागद चिकटवून चिकटवून पडवीभर पसरले आणि मला बोलावून घेतलं. तेवीस वर्षं ग्राहक वरखाली करत आलेला. मग माझी रिकामी जागा. रिकाम्या जागेच्या पलीकडे एकदम उंच, आणि तिथून हळूहळू उतार. गुडघ्यावर बसून आप्पांनी त्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं.

"चढण इथे होती. कधी पेटला, एकदम की हळूहळू, ते इथे होतं."

"बाकी कुणी बघितलं असेल, आप्पा."

"असेल. त्याचं त्याच्या वहीत. आपल्या दारावरून तो उजेड गेला. काही कोटी वर्षं चालत आला, आपल्याकडे घर बंद बघून पुढे गेला." पण हे म्हणताना त्यांचा आवाज जड नव्हता. गुडघे झाडत उठले आणि म्हणाले, "मंडळाला पत्र लिही. ‘आमच्याकडून’ वगैरे नको. ‘मी’ लिही."

मी ‘मी’ लिहिलं. तिकडून छापील कार्ड आलं, या वेळी माझ्या नावाचं. काकूंनी ते देवघरात ठेवलं नाही. फ्रिजवर लावलंय, येता-जाता दिसेल असं.

दुर्बीण शाळेत गेली ती गेली, पण गच्चीची चावी आप्पांनी मागून घेतली आहे. आकाश मोकळं असेल तेव्हा शनिवारी मी दिघीकडे जातो. जिना चढताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात, वर गेल्यावर काढून घेतात. आधी ते बघतात, मग मी. दोघं वेगळं लिहितो, मग दाखवतो. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवारी ग्राहक अकरा पूर्णांक सात होता, दोघांचाही. "मंदावलाय," आप्पा म्हणाले. "पण आहे. कनेक्शन चालू आहे."

खाली उतरताना मी विचारलं, "आणि राग?"

"कमी आहे. शून्य नाही."

"किती?"

"बघून सांगेन."

त्यांचा फोन आला की मी डायरी उघडतो. त्यांचं माझ्याकडे काय आहे ते आता मला नक्की माहीत आहे, आणि ते कधी फिटायचं नाही हेही. अडतीस रात्री. सदतीस न बघितलेल्या आणि एक बघितलेली. सरासरी नाही, मोजून अडतीस.